नातवंडांचे दात आणि दुपारचे तीन तास



दात दुखू लागला की आपण म्हणतो, ‘दाताला कीड लागली.’ हा शब्द आपल्या भाषेत इतका पक्का बसला आहे, की भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले ‘किडे’ पाडणारी माणसे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिली असतील. धुरी झाली की पाण्यात काहीतरी पांढरे तरंगताना दाखवायचे, आणि पाहणाऱ्याची खात्री पटायची. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. असते ते आम्ल. ते आपल्याच तोंडात तयार होते आणि त्याला लागणारा कच्चा माल, म्हणजे साखर, आपणच पुरवतो.

यंदाचे हे पान मुख्यतः कॅनडात मुलांकडे राहणाऱ्या किंवा तिकडे काही महिने जाऊन येणाऱ्या आजी-आजोबांसाठी आहे. विषय आहे बारा ते अठरा वर्षांच्या नातवंडांचे दात. नातवंडांच्या दातांचे लेख आईवडिलांनी वाचावेत, आम्ही कशाला, असे कोणी म्हणेल. पण शाळा तीन-साडेतीनला सुटते आणि आईवडील सहाच्या सुमारास घरी येतात. मधल्या तीन तासांत घरात कोण असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. या वयातल्या मुलांच्या दातांचे बरेचसे नुकसान याच तीन तासांत होते.

आधी हे आम्लाचे प्रकरण समजून घेऊ. दातांवर सतत एक पातळ चिकट थर साचत असतो. त्यात जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले, की हे जंतू त्यातल्या साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. दाताच्या वरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला तो सर्वांत कठीण भाग. पण आम्लापुढे तोही विरघळतो. गोड घास तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्ल वाढते आणि लाळेने ते धुऊन तोंड पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. स्टीफन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४०च्या दशकात हे मोजून दाखवले. आम्ल उतरले की लाळेतला कॅल्शियम पुन्हा दातात शिरतो आणि झीज भरून निघू लागते. म्हणजे दात दिवसभर थोडे झिजत आणि थोडे भरत असतात. झीज जास्त आणि भरणे कमी, असे महिनोन्‌महिने चालले की खड्डा पडतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती नीट लक्षात घ्यावी. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. स्वीडनमधल्या विपेहोम येथील संस्थेत १९४५नंतर काही वर्षे यावर प्रयोग झाले. तिथल्या मतिमंद रहिवाशांना त्यांची संमती न घेता गोड खाऊ घालण्यात आले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून जे कळले ते दंतवैद्यक आजही मानते: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दात फारसे बिघडले नाहीत. जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले.

म्हणून आपल्या सणांना मी दोष देणार नाही. रोश हशानाचा चिकाचा हलवा, पुरीमची पुरणपोळी, मलिद्याचे गोड पोहे आणि खजूर हे सारे एका बैठकीत खाल्ले जाते आणि वर्षातून मोजक्या वेळा. एका बैठकीत दोन करंज्या खाल्ल्या तर दातांवर आम्लाचा एकच हल्ला होतो. हाच मुलगा अर्ध्या लिटरची गोड पेयाची बाटली घेऊन संगणकापुढे बसला आणि दर दहा मिनिटांनी एक घोट घेत राहिला, तर तीन तास आम्ल उतरतच नाही. साखर कदाचित तेवढीच असेल, पण दातांना भरून यायला उसंत मिळत नाही.

आता कॅनडातल्या एका किशोराचा दिवस पाहा. सकाळी उशीर झालेला, म्हणून न खाता रसाचा छोटा डबा हातात घेऊन बस गाठायची. दुपारी शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाळ गोड कॉफी किंवा साबुदाण्याच्या काळ्या गोळ्यांचा तो बबल टी. घरी आल्यावर बिस्किटे आणि कॅन. संध्याकाळी हॉकी किंवा बास्केटबॉल आणि त्याबरोबर खेळाडूंचे म्हणून विकले जाणारे रंगीत पेय. रात्री अभ्यास करताना पुन्हा काहीतरी चघळणे. मोजले तर सहा-सात हल्ले सहज होतात. ३५५ मिलिलिटरच्या साध्या कोल्याच्या कॅनमध्ये सुमारे ४० ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ-दहा चमचे. आपण कोणाला चहात दहा चमचे साखर घालून दिली असती का? स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या २०१५च्या आकडेवारीनुसार ९ ते १८ वर्षांची मुले दिवसाला सरासरी ११५ ग्रॅम साखर घेत होती. त्यात फळे आणि दूध यांतली नैसर्गिक साखरही आली, पण एकूण हिशेब सत्तावीस चमच्यांचा होतो.

साखर नसलेला, ‘डाएट’ लिहिलेला कॅन घेतला तर? त्यात जंतूंना खाद्य नसते हे खरे, पण ते पेय स्वतःच आंबट असते आणि एनॅमल झिजवते. पाण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

या वयालाच एवढा धोका का, असा प्रश्न पडेल. पहिले कारण दाढांचे. सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते, बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी. नवी दाढ उगवते तेव्हा तिचे एनॅमल पुरते पक्के झालेले नसते. लाळेतली खनिजे शोषून ते पक्के व्हायला दोन-तीन वर्षे जातात. त्यातच तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ती तोंडात अगदी मागे असल्यामुळे घाईत फिरवलेला ब्रश तिथे पोचत नाही. म्हणजे दाढ सर्वांत कच्ची असते त्याच वर्षांत मुलाच्या हातात खर्चाला पैसे येतात आणि ‘दात घासलेस का?’ असे विचारलेले त्याला आवडेनासे होते.

दुसरे कारण तारा. कॅनडात चौदा-पंधरा वर्षांच्या कितीतरी मुलांच्या दातांना तारा असतात. तारेखाली अन्न अडकते आणि दोन वर्षांनी तारा काढल्यावर दातांवर चौकोनी पांढरे डाग उरतात. हजारो डॉलर खर्च करून दात सरळ झाले आणि डागाळले, अशी ती गत. तारा असलेल्या नातीला कॅरमेल, चिक्की, चघळायची गोळी देऊ नये. तारा तुटतात तो भाग वेगळाच. जीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्यांचेही तसेच. त्या दातांच्या खाचांत चिकटून बसतात आणि त्यातले जिलेटिन कोशेर आहे की नाही हाही प्रश्न राहतोच.

काही मुलांना दम्याची, ॲलर्जीची किंवा एकाग्रतेची औषधे असतात. त्यातल्या काहींनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की दातांचा रखवालदारच गेला. औषध मुळीच बंद करू नये. पंप ओढल्यावर पाण्याने चूळ भरायला सांगावे आणि दंतवैद्याला औषधाचे नाव कळवावे. व्हेप ओढणाऱ्या मुलांचेही तोंड कोरडे पडते. हा विषय निघाला तर आरडाओरडा न करता विचारावे. फळांच्या वासाची वाफ खोलीत येत असेल तर ती सुगंधी मेणबत्तीची असेलच असे नाही.

‘आमच्या घराण्यातच दात वाईट’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. दातांची ठेवण, लाळेचा गुण थोडाफार वारशाने येतो हे खरे. पण कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांकडे पाहा. सील, मासे, कॅरिबूचे मांस यांवर जगत असताना त्यांचे दात मजबूत होते. दुकानातले पीठ, साखर आणि गोड पेये जहाजांनी आणि विमानांनी पोचली आणि दोन-तीन पिढ्यांतच तिथल्या मुलांचे दात कॅनडातल्या इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक किडू लागले. घराणे तेच होते, बदलले ते ताट.

आपल्या लहानपणीही साखर रेशनवर मिळत होती. आपण राखुंडीने, मिठाने, माकडछाप काळ्या पावडरीने दात घासले आणि तरी ते टिकले, असे आपण नातवंडांना ऐकवतो. टिकले ते साखर कमी होती म्हणून, राखुंडीमुळे नव्हे. राखुंडीने तर ते घासून झिजले. आणि सगळ्यांचे टिकलेही नाहीत. किती जणांच्या उशाशी रात्री पेल्यात कवळी असते, ते आपले आपल्याला माहीत आहे.

कॅनडाचीही कथा अशीच आहे. १९७०-७२च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता आणि किशोरवयीन मुलांत न किडलेले तोंड शोधूनच काढावे लागे. २००७ ते २००९च्या पाहणीत दात पूर्ण गेलेले प्रौढ शंभरात सहा उरले आणि १२ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी ५९ टक्क्यांना कधी ना कधी कीड लागलेली आढळली. सुधारणा मोठी आहे, पण अजून दर पाच मुलांत तिघे. शिवाय एकदा भरलेला दात आयुष्यभर पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतो. भरलेले निखळते, मोठा खड्डा करावा लागतो, मग मुळावर उपचार, मग टोपी. चौदाव्या वर्षी पडलेला खड्डा चाळिसाव्या वर्षीही पैसे मागत असतो.

ही सुधारणा झाली कशी? पेस्टमुळे, दवाखान्यांमुळे, आणि नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे. फ्लोराइड हे खनिज एनॅमलला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करते. ऑन्टॅरिओतल्या ब्रॅन्टफर्ड शहराने १९४५ साली ते पिण्याच्या पाण्यात मिसळले. कॅनडातले हे पहिले शहर. टोरंटोत १९६३ साली सुरुवात झाली.

कॅल्गरीची हकीकत मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तिथे १९९१पासून पाण्यात फ्लोराइड होते. २०११च्या मे महिन्यात नगरपरिषदेने ते बंद केले. खर्च आणि ‘सर्वांना सक्तीने औषध कशाला’ ही दोन्ही कारणे पुढे आली. तीनशे किलोमीटरवरच्या एडमंटनमध्ये मात्र १९६७पासून चाललेले फ्लोराइड तसेच राहिले. एकाच प्रांतातली दोन मोठी शहरे, एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी तुलना अभ्यासकांना सहसा मिळत नाही. कॅल्गरी विद्यापीठाच्या लिंडसे मॅक्लारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही शहरांतल्या दुसरीच्या मुलांचे दात तपासून पाहिले. २०१८-१९च्या तपासणीत कॅल्गरीतल्या ६४.८ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांना कीड होती, एडमंटनमध्ये ५५.१ टक्के मुलांच्या. जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक. २०२१च्या ऑक्टोबरात कॅल्गरीच्या मतदारांचा कौल घेतला गेला, ६२ टक्क्यांनी ‘परत सुरू करा’ असे सांगितले आणि ३० जून २०२५ रोजी फ्लोराइड पुन्हा पाण्यात आले.

आता हिशेब करा. त्या पाहणीतली सात वर्षांची मुले आज पंधराच्या आसपास आहेत. त्यांच्या बाराव्या वर्षाच्या दाढा फ्लोराइड नसलेल्या पाण्यावर उगवल्या. आपली नातवंडे कॅल्गरीत वाढली असतील तर दंतवैद्याला हे मुद्दाम सांगावे. व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियलच्या पाण्यात तर फ्लोराइड मिसळतच नाहीत. आपल्या गावाचे काय, हे नगरपालिकेला फोन करून कळते.

यावर कोणी यवतमाळ, चंद्रपूरकडची आठवण काढील. तिथल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात निसर्गतःच फ्लोराइड फार असल्यामुळे लोकांचे दात पिवळे-तपकिरी झाले, हाडे ताठरली. ते खरे आहे आणि भय रास्त आहे. पण प्रश्न मात्रेचा आहे. भारतात पाण्यातल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम मानली आहे, त्या गावांत ते याच्या कितीतरी वर जाते. कॅनडात लिटरला ०.७ मिलिग्रॅम ठेवतात. मीठ आमटीला लागते, पण मूठभर नव्हे, तसेच हे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, त्यामुळे आपली उकळून पिण्याची सवय आड येत नाही. मात्र ‘आरओ’ यंत्र ते बहुतेक काढून टाकते.

पाण्यात असो वा नसो, पेस्टमध्ये ते हवेच. भारतातून येताना आपण पेट्यांत आयुर्वेदिक पेस्ट भरून आणतो आणि प्रेमाने सर्वांच्या बेसिनवर ठेवतो. त्यातल्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. नळी उलटून वाचावी. किशोरवयीन मुलांसाठी १००० पीपीएम किंवा त्याहून अधिक फ्लोराइडची पेस्ट हवी. दिवसातून दोनदा, दोन मिनिटे. आणि घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरभरून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइडही वाहून जाते. आपल्याला लहानपणी खळखळून चुळा भरायला शिकवले, म्हणून हे पटायला जरा जड जाते.

दोनदातले रात्रीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ अगदी कमी होते. शुक्रवारी रात्री किद्दुशला मनुकांच्या शरबताचे दोन घोट घेतले, जेवण झाले, गप्पा झाल्या आणि मुले तशीच झोपी गेली, हे दर आठवड्याला होते. शरबताने काही बिघडत नाही. तसेच झोपल्याने बिघडते. शब्बाथला पेस्ट वापरावी की नाही याबद्दल मतभेद आहेत. आपल्या घरचा रिवाज कडक असेल तर रब्बींना विचारून ठेवावे. नुसता ब्रश फिरवणेही न घासण्यापेक्षा बरे.

आता त्या तीन तासांबद्दल. मूल घरी आले की खायला भरपूर, पण एकदाच आणि बसून द्यावे. पोहे, उपमा, उकडलेली अंडी, भाकरी-भाजी, भाजलेले शेंगदाणे, चणे, काकडी. गोड द्यायचे असेल तर त्याच बैठकीत द्या. मग संध्याकाळच्या जेवणापर्यंत फक्त पाणी. चीजचा तुकडा दातांना चांगला, तो तोंडातले आम्ल लवकर उतरवतो. मात्र दुपारी डब्यात चिकन गेले असेल तर चीज कधी द्यायचे ते आपल्या घरच्या नियमाप्रमाणे. आपल्या चहाचेही पाहावे: आजी चार वेळा गोड चहा घेते आणि नातूही तिच्याबरोबर घेतो, असे असेल तर दोघांनी मिळून दोनदाच घ्यावा. १ जानेवारी २०२६पासून कॅनडात साखर जास्त असलेल्या वेष्टनबंद पदार्थांवर पुढच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या चौकटीत भिंगाचे चिन्ह छापणे बंधनकारक आहे. इंग्रजी बारीक अक्षरे वाचता आली नाहीत तरी हे चिन्ह दिसते. दुकानात नातवाबरोबर गेलात तर त्यालाच ते शोधायला सांगा, ही मुले असल्या गोष्टींत चटकन तरबेज होतात.

उपदेश मात्र फार करू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘म्हातारपणी दात जातील’ असे सांगून काही होत नाही. तोंडाला वास येतो, तारांखाली डाग पडतात, हे त्याला कळते. तो हसताना हिरड्यांजवळ दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ते कीड लागण्याआधीचे लक्षण असते आणि त्या वेळी ती फ्लोराइडने थांबवता येते. तपकिरी खड्डा झाल्यावर भरावेच लागते. एकाच बाजूने चावणे, गार पाणी टाळणे, हेही पाहावे. एनॅमलमध्ये मज्जातंतू नसतात, म्हणून दुखू लागते तेव्हा कीड बरीच आत गेलेली असते. लवंग दाबून धरल्याने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. बाराव्या वर्षाच्या दाढा पूर्ण वर आल्या की त्यांच्या खाचा पातळ लेपाने बुजवून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात. त्याला भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होते. दंतवैद्याकडे जाल तेव्हा हा शब्द उच्चारावा.

खर्चाचे काय? कॅनडात डॉक्टर फुकट म्हणून दातही फुकट, असा समज घेऊन आपण तिकडे जातो. तसे नाही. सरकारी आरोग्य विम्यात दवाखान्यातले दातांचे उपचार येत नाहीत. बहुतेकांचा विमा नोकरीतून असतो आणि नोकरी गेली की तोही जातो. आता केंद्र सरकारची कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन नावाची योजना आहे. मे २०२४मध्ये ती ज्येष्ठांपासून सुरू झाली, जून २०२४मध्ये अठरा वर्षांखालील मुले आली आणि मे २०२५पासून बाकीच्या प्रौढांना अर्ज करता येऊ लागला. कुटुंबाचे समायोजित निव्वळ उत्पन्न वर्षाला ९०,००० डॉलरपेक्षा कमी हवे, खासगी दंतविमा मिळण्याची सोय नसावी, तुम्ही करांच्या दृष्टीने कॅनडाचे रहिवासी असावे आणि करविवरण भरलेले असावे. ७०,०००च्या आत उत्पन्न असेल तर योजनेच्या दराने पूर्ण खर्च मिळतो, त्यावर काही हिस्सा आपला. दवाखान्याचा दर योजनेच्या दरापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून खुर्चीवर बसण्याआधीच ‘आम्हाला किती द्यावे लागतील?’ हे विचारावे. त्यात लाज कसली? ऑन्टॅरिओत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेल्दी स्माइल्स ऑन्टॅरिओ ही वेगळी योजनाही आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की ती संपते, तेव्हा मोठी तपासणी आणि राहिलेले दात भरणे त्याआधी उरकून घ्यावे.

केंद्राच्या योजनेचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि तिचे वर्ष १ जुलैला सुरू होते. अर्ज मंजूर झाल्यावर सन लाइफ कंपनीचे पाकीट टपालाने येते. घरातली टपालपेटी बहुधा आजोबाच उघडतात. ते पाकीट विम्याची जाहिरात समजून टाकून देऊ नये. त्यात सदस्यपत्र असते आणि विमा कोणत्या तारखेपासून लागू ते लिहिलेले असते. त्या तारखेच्या आधी केलेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत.